मधली जागा

सायगाव, १२ ऑगस्ट २०२३

मामा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला औषधाच्या दुकानात उभं राहून कॅमेऱ्याबद्दल ओरडता येत नाही. परवा ओरडले, तर एक म्हातारे गृहस्थ खोकल्याचं औषध काउंटरवरच ठेवून निघून गेले. म्हणून हे पत्र. दुपारी तुमच्या साडेकला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, संध्याकाळपर्यंत तुमच्या हातात पडेल.

मला मिररलेस कॅमेरा घ्यायचाय. ऑक्टोबरमध्ये उत्तरेत हा-जांगच्या डोंगरात फुलं बघायला जायचं मनात आहे, आणि एरवी घरीदारी वापरायलाही होईल. तीन आठवडे झाले, डोक्याचा पार भुगा झालाय. जेवणाच्या सुट्टीत मी जेवत नाही, दुकानं पालथी घालते. एक दुकानदार म्हणतो मोठा सेन्सर घ्या, नाहीतर सहा महिन्यांत पस्तावाल. दुसरा म्हणतो मोठ्या सेन्सरला लेन्साही मोठ्या, म्हणजे गळ्यात वीट बांधून फिरा. काल मी झूम लेन्स पक्की केली. आज सकाळी दात घासताना ती रद्द केली.

मला काय हवंय ते सांगते. हलका हवा, झोळीत मावेल असा. मागची स्क्रीन वर उचलता आली पाहिजे, म्हणजे पोटाशी धरून वरून बघता येईल. स्वयंपाकघरात असतो तेवढ्या उजेडात चालला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे आवाज नको. खट नाही, खुट नाही, काही नाही.

तुम्ही चाळीस वर्षं साडेकच्या माणसांचे फोटो काढलेत. एका ओळीत सांगा, काय घेऊ? आईला मात्र यातलं काही कळवू नका. म्हणजे तुम्ही तिला तसंही काही कळवत नाहीच.

तुमची भाची,
उयेन

साडेक, १४ ऑगस्ट

उयेन,

एका ओळीत सांगा म्हणायचं आणि स्वतः पानं भरायची. बसबरोबर केळीच्या पानातल्या आंबट मांसाच्या पुड्यांची माळ पाठवतोय. दोन दिवस टांगून ठेव आणि मग खा. तुझी घाई मला माहीत आहे, उद्याच सोडशील आणि पोट धरून बसशील.

छोटा सेन्सर घे. मोठा घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक तो कपाटात ठेवतात, कारण उचलवत नाही. त्यावर पस्तीस मिलिमीटरची एकच लेन्स लाव. छोट्या सेन्सरवर ती साधारण आपल्या डोळ्यासारखंच बघते, आणि तिचं तोंड मोठं असल्यामुळे कमी उजेडातही काम भागतं. झूम लेन्स वाईट नसते, पण ती हातात असली की माणूस जागचा हलत नाही. तू आधी पायांनी पुढे-मागे व्हायला शीक.

जुनी लेन्स घेणार असशील तर आतून टॉर्च मारून बघ. आपल्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, कोळिष्टकासारखे धागे दिसतात. दिसले की दुकानदार कितीही गोड बोलला तरी ठेवून निघायचं. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भाजलेले तांदूळ घालून त्यात ठेव. स्वस्त लेन्स कडेला मऊ, म्हणजे पुसट पडते, त्याचं दुःख करू नकोस. मधोमध कुठलीही लेन्स स्वच्छच काढते. आणि जपानमधून आलेला स्वस्त कॅमेरा घेऊ नकोस. त्याचा सगळा मेनू जपानीत असतो, आणि तुला तर माझं अक्षरही लागत नाही.

आता मुद्द्याचं बोलू. डोंगर काही कान टवकारून बसलेले नसतात. फुलंही खट वाजलं म्हणून पळून जात नाहीत. मग हा बिनआवाजाचा हट्ट कशासाठी? पोटाशी धरून वरून बघायचं म्हणतेस, म्हणजे समोरच्याला कळू द्यायचं नाही. कोण आहे तो? लग्न झालेला तर नाही ना? मी कोणाला सांगणार नाही, मला विचारणारंच कोणी नाही.

एवढंच सांगतो. मी आयुष्यात एकही फोटो समोरच्याला न सांगता काढला नाही.

फुओकमामा

सायगाव, १९ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग वर्दळीच्या फुटपाथवर उभी राहून रडले. कोणी पुरुष नाही. हा-जांगही नाही, ते मी तुम्हाला खोटं सांगितलं.

आईसाठी हवाय. तिच्या हृदयाची झडप खराब झालीय. जिना चढताना ती मधेच थांबते आणि भिंतीवरचं काहीतरी बघायचं नाटक करते. सत्तावीस सप्टेंबरला, बुधवारी, ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. मी रोज औषधं विकते मामा, 'काळजीचं कारण नाही' कोणत्या आवाजात म्हणतात ते मला कळतं. तुम्हाला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. ती मोडली.

आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही. महिनाभरापूर्वी मी सगळी कपाटं उपसली. माझे शंभर आहेत. ते काढणारी तीच, त्यामुळे ती कशातच नाही. ओळखपत्रावर एक आहे, त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. शेजारी एक काकू गेल्या, तर त्यांच्या मुलांनी तोच ओळखपत्राचा फोटो मोठा करून देव्हाऱ्यात ठेवला. रोज त्याच्यापुढे उदबत्ती लावतात आणि रोज भांडतात की आई अशी नव्हती. मला तसं नकोय. उद्या काही झालं तर मला माझी आई हवीय, भात ढवळताना दिसते तशी.

फोन उचलला की ती पाठ फिरवते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला कळतं. मी विचारलं तर म्हणते, "माझं थोबाड काय बघायचंय, भाजी चीर." माझ्या शाळेच्या निरोप समारंभात सगळ्यांच्या आया फोटोत आहेत. माझ्या बाजूला रिकामी खुर्ची आहे.

असं का आहे ते तुम्हाला माहीत असणार. तुम्ही दोघं बोलत का नाही? आजीच्या मयताला गेली ती शेवटची, म्हणजे अकरा वर्षं झाली. तोआनमामांच्या श्राद्धाला ती दरवर्षी फळांची टोपली बसने पाठवते आणि स्वतः जात नाही. मी विचारलं की म्हणते बस लागते.

लेन्सचं माझं पुन्हा बदललंय. पस्तीसची घेतली तर जवळ जावं लागेल, आणि जवळ गेले की तिला कळेल. पंच्याऐंशीची घेऊ का? पण आमचं स्वयंपाकघर एवढंसं, पंच्याऐंशीने तिचा नुसता कान येईल. मामा, मला काही सुचत नाही. दिवस मोजत बसलेय.

उयेन

साडेक, २२ ऑगस्ट

पोरी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मग दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि पुन्हा वाचलं.

विचारलंस म्हणून सांगतो. माझ्या स्टुडिओत फळीवर एक कापडी बाहुली असायची. तिघं जण फोटोला आले की मी ती खाली काढून एकाच्या मांडीवर द्यायचो. झाले चार. तिघांच्या फोटोत मधला माणूस जातो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी स्वतः मानत नव्हतो, पण गिऱ्हाईक मानायचं, आणि बाहुलीला काही खायला लागत नव्हतं.

एक्क्याण्णव सालच्या नववर्षाला मी नवा कॅमेरा घेतला होता. त्याला टायमर होता. बटण दाबलं की पुढचा छोटा नारिंगी दिवा दहा सेकंद लुकलुकतो आणि मग फोटो निघतो. मला मिरवायचं होतं. दुकानासमोर तोआन आणि लुआला उभं केलं, तिसरा मी. लुआ, तुझी आई, तेव्हा बावीस वर्षांची होती. ती म्हणाली, "दादा, बाहुली आण." मी म्हणालो, "साडेकमधला सगळ्यात शहाणा फोटोग्राफर बाहुली घेऊन उभा राहणार नाही." बटण दाबलं आणि धावत जागेवर गेलो. फोटोत तोआन मधे होता.

दोन महिन्यांनी विटांची होडी उलटली आणि तोआन गेला. सत्तावीस वर्षांचा. त्याचा दुसरा धड फोटो नव्हता म्हणून मी त्याच निगेटिव्हमधला मधला चेहरा तेवढा मोठा केला. आज देव्हाऱ्यात तोच आहे. तुझ्या आईने तो बघितला, घरातली तिघांची प्रत फाडली आणि त्याच वर्षी सायगावला निघून गेली. मी तिला दोष देत नाही. मी बाहुली आणली नाही. बत्तीस वर्षं ती माझ्यावर रागावलेली आहे आणि बरोबर आहे तिचं.

पण तू चोरून काढू नकोस. माझं ऐक. तिला समोर बसवून विचार. कॅमेरा घे, पस्तीसचीच लेन्स घे, पण विचार.

मी यायचं का ते तू सांग. ती दार उघडेल असं मला वाटत नाही.

मामा

सायगाव, ३१ ऑगस्ट

मामा,

घेतला. रागावू नका, जपानचाच घेतला. बाकीच्यांवरून तीन वेळा हात फिरवून परत आले होते. हा छोटा आहे, स्क्रीन वर उचलते, आवाज बंद करता येतो. ते बटण दुकानदाराने दाखवलं, बाकी सगळा मेनू किड्यामुंग्यांसारखा आहे. पस्तीसच्या लेन्समध्ये टॉर्च मारून बघितलं, धागे नाहीत. कडा मऊ आहेत, तुम्ही म्हणालात तशा.

कॅमेरा भाजलेल्या तांदळाच्या डब्यात लपवलाय. आई घरात नसली की काढते आणि भिंतीवर, मांजरावर, कुकरवर सराव करते. बसमध्ये एका बाईचा काढला, तिला कळलंसुद्धा नाही. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

काल आम्ही दोघी देवळात गेलो होतो. आई असणाऱ्यांना तिथे छातीवर लाल गुलाब लावतात, नसणाऱ्यांना पांढरा. माझ्या ब्लाउजला लाल लावताना देवळातल्या साध्वीचा हात क्षणभर टाचणी शोधत थांबला. मला वाटलं, ती पांढरा उचलतेय. आई पांढरा गुलाब लावून शांत उभी होती, मला म्हणाली, "चुळबुळ काय करतेस, टोचेल." मामा, मला जेवण जात नाही. औषधं देताना डबे चुकतात.

विचारू कशी? विचारलं आणि नाही म्हणाली तर संपलंच. मग ती सावध होईल आणि चोरूनही काढता येणार नाही. तुम्ही येऊ नका अजून. तिला कळेल की मी सांगितलं.

उयेन

सायगाव, २१ सप्टेंबर, सकाळ

मामा,

आई घरात नाही. हे पत्र पहिल्या बसने पाठवतेय, आणि तुमच्या शेजारच्या चहावाल्या मावशींना फोनही केलाय. त्या म्हणाल्या अजून कोणी आलं नाही.

काल संध्याकाळी ती मासा शिजवत होती. ऊन उतरलं होतं, दिवा अजून लावला नव्हता. वाफेत तिचा चेहरा इतका छान दिसत होता की मला राहवलं नाही. मी टेबलाशी भाजी निवडायचं सोंग करत बसले, कॅमेरा मांडीवर, स्क्रीन वर. नवल म्हणजे ती पाठ फिरवत नव्हती. माझ्याकडे तोंड करून उभी होती. मी बटण अर्धं दाबलं.

आवाज नाही झाला. पण पुढचा दिवा लागला. अंधारात फोकस सापडत नाही म्हणून ते यंत्र स्वतःच एक छोटा नारिंगी दिवा पेटवतं. मला माहीत नव्हतं. बंद कुठून करायचा तेही माहीत नाही, सगळं जपानीत आहे. तो उजेड तिच्या गालावर पडला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा हात आपोआप कोपरापाशी गेला, कोणी धरल्यासारखा. म्हणाली, "हाच दिवा." गॅस बंद केला आणि खोलीत गेली. मासा तसाच राहिला. आज उठले तर बिछान्याची घडी घातलेली, फोन तांदळाच्या डब्यावर ठेवलेला, आणि दारातल्या चपला नाहीत. सोमवारी भरती व्हायचंय, मामा. तिला जिना चढवत नाही, ती गेली कुठे?

फोटो आलाच नाही. दिवा लागला आणि माझं बोट थिजलं. तुम्ही सांगितलं होतंत आणि मी ऐकलं नाही. ती परत आली तर मी हा कॅमेरा नदीत टाकीन.

उयेन

साडेक, २१ सप्टेंबर, संध्याकाळ

उयेन,

चहावाल्या मावशीने तुला फोन केलाच असेल. आई इथे आहे. जेवली आहे, औषध घेतलं आहे, आता झोपाळ्यावर पडली आहे. कॅमेरा नदीत टाकू नकोस, पाण्यात मासे कंटाळतील.

तुझं पत्र आणि तुझी आई एकाच बसने आले. पत्र पुढे ड्रायव्हरपाशी, ती मागे खिडकीशी. दारात उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "दादा, बोर्ड अजून वाकडाच आहे." अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. म्हणजे ओठांवरून मला तसं वाटलं. मी म्हणालो, "तू सरळ उभी राहा, सरळ दिसेल." मग मी तिला आत खुर्ची दिली.

तिला मला काहीतरी सांगायचं होतं. हळू बोलली, मला ऐकू आलं नाही. पुन्हा बोलली. शेवटी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली. जी गोष्ट तिने बत्तीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती ती तिला ओरडून सांगावी लागली, आणि आमच्या गल्लीने ती सगळी ऐकली. समोरच्या फुलवालीने मोगऱ्याची टोपली खाली ठेवली.

ती ओरडली, "मधे मी होते, दादा. तोआनदादा नव्हता. मधे मी होते."

मी बटण दाबून जागेवर धावलो तेव्हा माझं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. दिवा लुकलुकत होता. मधे उभी राहिलेली तुझी आई घाबरली आणि तोआनला म्हणाली, "मला भीती वाटतेय." तो हसला. तिचं कोपर धरून तिला बाजूला ओढलं आणि स्वतः मधे शिरला. म्हणाला, "तुझं अजून लग्न व्हायचंय, मी उभा राहतो इथे." आणि फोटो निघाला.

म्हणजे तिचा राग माझ्यावर नव्हताच, कधीच नव्हता. तिला माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि मला वाटत होतं की बघायचं नाहीये. इथे श्राद्धाला यावं तर देव्हाऱ्यात तो चेहरा, तिच्या जागेवर उभा राहिलेला. कॅमेरा तिच्याकडे वळला की तिला वाटायचं, राहिलेला फोटो आता पुरा होणार.

मी माळ्यावरच्या डब्यातून ती निगेटिव्ह काढली. भिंग लावून खिडकीशी धरली. इतकी वर्षं मी फक्त मधला चेहरा मोठा केला होता, कडा कधी नीट बघितल्या नाहीत. तुझ्या आईचा उजवा हात कोपरापासून पुसट आहे. मला वाटायचं ती हलली. नवीन कॅमेऱ्याचा पहिला फोटो, आणि ही हलली, असं मी मनातल्या मनात तिला कितीदा बोललोय. भिंगाखाली बघितलं तर तिच्या बाहीवर तोआनची चार बोटं आहेत. ती स्वच्छ आहेत.

मी रडलो. तिनेही रडून घेतलं. मग तिने माझ्या स्वयंपाकघरातली भांडी पुन्हा घासली, कारण तिच्या मते ती घासलेली नव्हती.

ती तुला काय लिहिणार ते मला दाखवत नाहीये. उद्याच्या बसने येईल.

मामा

साडेक, २२ सप्टेंबर

उयेन,

फोन विसरले नाही. मुद्दाम ठेवला. वाटेत तुझा फोन आला असता तर मी परत फिरले असते.

तुला वाटतं तू फार हुशार आहेस. ज्या घरात रोजचा भात मी शिजवते त्या घरात तू माझ्यापासून तांदळाचा डबा लपवलास. दुसऱ्याच दिवशी मी झाकण उघडलं. वीस दिवस बघत होते, ही विचारते कधी. विचारेना. मग मीच ठरवलं की यावेळी पाठ फिरवायची नाही. वाफ डोळ्यांत जात होती तरी तुझ्याकडे तोंड करून उभी राहिले. तेवढ्यात तो दिवा लागला. त्यात तुझी चूक नाही. मला तो दिवा पुन्हा एकदा बघायचाच होता, हे मला इथे येईपर्यंत कळलं नाही.

रविवारी कॅमेरा घेऊन ये. बॅटरी भरून आण. मामाकडे कॅमेऱ्याची तिवई आहे, टायमर कसा लावायचा ते तो शोधेल, जपानी असो की काही असो. भाजून ठेवलेली कॉफी आण, याच्याकडची म्हणजे नुसतं काळं पाणी. फोटो झाला की दुपारच्या बसने परत जाऊ. सोमवारी भरती व्हायचंय ते माझ्या लक्षात आहे, बुधवारचंही आहे. मी कुठेही पळून आलेली नाही.

आम्ही तिघं दुकानासमोर उभे राहू, तिथेच. मधे मी. यावरून तुझा मामा सकाळपासून माझ्याशी भांडतोय. त्याला वाटतं, दोघांना वाचवायला मी मधे उभी राहतेय, म्हणजे मी मरायला तयार झाले. आत्ता माळ्यावर चढून बाहुली शोधतोय, मला धूळ खाली पडताना दिसतेय. त्याला सापडली तरी ती फोटोत येणार नाही.

मरायला कोण तयार होतं? मी नाही झाले. काल त्याने मला ती निगेटिव्ह दाखवली. म्हणाला, लेन्स कितीही साधी असली तरी मधला माणूस स्वच्छच येतो. खरं आहे. तोआनदादाच्या भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. आणि मी बत्तीस वर्षं तिथे कडेला आहे, हललेली.

मला एकदा स्वच्छ यायचंय.

आई